आत किती

रुझारच्या वहीत डावीकडच्या पानावर मासळी:
बांगडे तीन टोपल्या, सौंदाळे अर्धी, बर्फाचे साठ.
उजवीकडच्या पानावर आम्ही:
पास – एकशे बारा.
आत – शून्य.
खाली दोन रेघा, पेन मोडेल इतक्या दाबून.

ओहोटीला मोचेमाडची वाळू घट्ट होते,
पाय टेकला की भोवती क्षणभर कोरडी पडते.
सुरूच्या चार दांड्या, दोन गोल.
आम्ही छान खेळायचो. लोकही म्हणायचे, छान खेळतात.
बाबलो मला, मी इम्तियाजला, इम्तियाज परत बाबल्याला,
पुन्हा मला.
चेंडू आमच्याकडेच असायचा
आणि गोल आरवलीवाल्यांचा व्हायचा.

"कुर्ल्यो," रुझार म्हणाला.
"धा पाय, नि सगळे आडवे."

मला वाटायचं, पास म्हणजे उत्तर.
कोणी हाक मारली, दिला.
ज्याच्या अंगावर कोणी नाही त्याला;
आणि तसा माणूस मागेच असतो.
मागे देण्यात चूक होत नाही.
(घरीही तेच. बाबांनी विचारलं, होडीवर येतोस?
म्हटलं, बघू.)

एका संध्याकाळी चेंडू काखेत मारून
त्याने आम्हाला खाडीच्या तोंडाशी नेलं,
जिथे वाळूचा दांडा पाण्याखाली सरकतो,
आज इथे, आठवड्याने तिथे.
बाहेर टिकमांची होडी, इंजिन धुगधुगत.
एक लाट फुटली. दुसरी.
तिसरीला नवशा ओरडला, आता!
तांडेल हलला नाही.
तो तोंडाकडे बघतच नव्हता,
मागे बघत होता, अजून न उठलेल्या पाण्याकडे.
मग एक आली ती फुटली नाही, नुसती फुगली,
आणि होडी तिच्या पाठीवर बसून
जिथून आत शिरली, तिथे आधी वाट नव्हती.
मागे पुन्हा सगळं पांढरं.

रुझार एवढंच बोलला:
"तो थांबलो, म्हणान आत इलो.
पण थांबानच रवलो नाय."

मग महिनाभर एकच.
इम्तियाजने चेंडू मागायला खाली यायचं, खोटं खोटं.
त्यांचा स्टॉपर त्याच्यामागे ओढला जाणार.
तो सोडून येतो ती जागा
चटईएवढी, दोन श्वासांपुरती.
तिच्यात नवशा आधीच सुटलेला हवा,
आणि मी एका टचमध्ये पास द्यायचा
नवशाला नाही, जागेला.
जिथे कोणी नाही तिथे!
पाय ऐनवेळी गोठायचा.
कितीतरी चेंडू भरतीत गेले;
बाबलो पोहत आणायचा, आमच्या आयशी-बापसाचा उद्धार करत.

मे महिन्यात शिरोड्याला आम्ही दोन-एक हरलो.
त्या एकाच्या वेळी माझी पाठ गोलाकडे होती.
नवशाचा डावा पाय वाळूत किंचित फरफटतो,
तेवढंच ऐकू आलं.
वळलो नाही, नुसता घोटा फिरवला.
बघितलं तेव्हा तो आणि चेंडू दोघेही आत,
आधी कोण पोचलं कोणास ठाऊक.

उजवीकडच्या पानावर:
पास – चौसष्ट.
आत – सात.
रेघ नाही.
डावीकडे: मासळी नाय, डिझेल उधार.

बाबांनी परत विचारलेलं नाही.
पहाटे ते वल्ही उचलतात तेव्हा
मी रोज जागा असतो.