प्रमाण वजन

अकरा पानांचं संमतीपत्र, हिंदीत.
प्रत्येक पानाखाली सही.
मी सगळी पानं वाचली,
तेवढ्यात भदौरियांची आयुषी दोनदा येऊन
घड्याळाकडे बघून गेली.
मग म्हणाली, आंटीजी, घबराइए मत,
परीक्षा मशीन की है, आपकी नहीं.

हे तिनं मला सांगावं!
एकतीस वर्षं नापतोल खात्यात काढली मी.
लश्करच्या बाजारातल्या किती तराजूंवर मोहर उठवली,
किती उचलून जीपमध्ये टाकले.
पितळेची प्रमाण वजनं निळ्या मखमलीच्या पेटीत असत.
उचलायची ती फडक्यानं,
उघड्या हाताला घाम असतो
आणि घामालाही वजन असतं.

दंडाच्या मागे टक् असं वाजलं.
रुपयाएवढी चकती चिकटली, चौदा दिवसांसाठी.
ती दर पाच मिनिटांनी लिहून घेणार
आणि मला काही दाखवणार नाही.
आकडा दिसला तर तुम्ही खाणं बदलाल, आयुषी म्हणाली.
बरोबर आहे.
आम्हीही दुकानात कधी कळवून गेलो नाही.

मी फक्त बोट टोचायचं, दिवसातून आठ वेळा.
माझ्या रक्ताचा आकडा खरा धरायचा
आणि चकती किती चुकते ते त्याच्याशी ताडून बघायचं.
म्हणजे पेटीतलं वजन आता मी.
पहिल्या रात्री, खरं सांगते,
त्या कुशीवर न झोपण्यातही जरा ऐट होती.

जानेवारी. धुक्यात किल्ला चार चार दिवस दिसत नाही.
पहाटे सहाला बोटातून रक्त निघत नाही,
चहाच्या पेल्याला बोटं लावून बसायचं.
बिनसाखरेच्या चहाचा एवढा तरी उपयोग.
वहीत लिहायचं :
सात चाळीस, दोन पोळ्या, मेथी.
सव्वाअकरा, काही नाही.
दीड, भात, अर्धी वाटी.
खोडून, पाऊण वाटी.
दौलतगंजातून येताना गजक कुटतात तो आवाज,
तीळगुळावर लाकडी हातोडे,
एकाचा पडला की दुसऱ्याचा वर.
आवाजाला रकाना नव्हता.

पंधराव्या दिवशी पडद्यावर आलेख आला.
आयुषीनं एका कड्यावर बोट ठेवलं.
नऊ तारीख, चार वाजून वीस. एकदम चढलीय.
वहीत तर कोरं आहे. काही खाल्लं होतं?
नाही.
नक्की?
नक्की.
फोन आला होता.

दतियाहून, दिगूचा. माझा भाऊ.
तेव्हा माझी बदली तिकडेच होती.
त्याच्या किराणा दुकानात किलोमागे तीस ग्रॅम कमी भरले,
चलान मीच फाडलं.
अकरा वर्षं झाली, बोलणं त्या दिवसापासून बंद.
नऊ तारखेला म्हणाला, तुझी शुगर कशी आहे गं?
मी म्हटलं, माहीत नाही,
सध्या मला दाखवत नाहीत.
मग दोघंही गप्प.
मागे त्याच्या दुकानात कुणीतरी पोतं ओढत होतं.

आयुषीनं फॉर्मवर काय लिहिलं, दिसलं नाही.
चकती काढताना चार केस उपटून आले.
प्रवासखर्चाचे पाचशे. सही. आणखी एक सही.
विचारलं, मशीन पास झालं का?
ते वरून कळतं, म्हणाली,
आणि कळतंच असं नाही.

परतताना गजकवाल्याकडे थांबले.
अर्धा किलो, दतियाला पाठवायचीय, डबा घट्ट लावा.
काट्यावरची मोहर डिसेंबरातच संपलेली.
बोलले मी.
तो हसला, पारड्यात जास्तीचा एक तुकडा टाकला.
मी तो बाहेर काढला
आणि उभ्या उभ्या तिथेच खाल्ला.
दंडावर आता लिहून घेणारं कुणी नव्हतं.
तरी घड्याळ बघितलं.
पाच वाजून बारा.