एक हजार चोवीसच्या पुढे

केणीतात्यांचा फोर एटी-सिक्स
स्कूटरच्या फुटबोर्डवर बसून आला,
घणसोली गावातून कोपरखैरण्यात,
गुडघ्यांनी दोन्हीकडून दाबलेला,
बोकड न्यावा तसा.

आतली डिस्क दोनशे दहा मेगाबाइटची.
कानाशी धरली तर
सुपात कुणी खडे पाखडतंय.
म्हटलं, आठवडा काढेल. फार तर दोन.

तिच्या मापाची आता कुठे मिळणार?
खणात लहानात लहान सापडली ती चाळीस गिगची,
तुर्भ्याच्या भंगारातून किलोवर घेतलेली.
लावली.
यंत्राने मोजायला घेतली
आणि पाचशे चार मेगाबाइटवर थांबलं.

बिघाड नव्हे हा. त्याला शिकवलंय तेवढंच:
सिलिंडर एक हजार चोवीस, हेड सोळा, सेक्टर त्रेसष्ट.
गुणाकार संपला की जग संपलं.
त्यापुढचं आहे तिथेच, फिरतंय
मिनिटाला पाच हजार चारशे वेळा,
फक्त नोंद नाही.

"नोंद नाय म्हंजे नाय,"
तात्या स्टुलावरून म्हणाले,
आणि साडेबारा टक्क्यांचा हिशेब निघाला
मागच्या खेपेला अर्धा राहिलेला.
खाजण किती, भाताचं किती,
मोजणीची साखळी कुठल्या बांधाला अडली,
कुठला चुलता सातबाऱ्यावरून गळला
कारकुनाच्या एका शिंकेत.
गावाच्या त्या सगळ्या याद्या
त्र्याण्णव साली दोन बोटांनी याच यंत्रात टाइप केलेल्या.
"सर्वे नंबर गेला नि सेक्टर आला."

मी पडद्यावरच्या त्रेसष्टकडे बघत राहिलो.
माझं दुकान सेक्टर पंधरात.
फरशीखाली कोणाचा बांध आहे
कधी विचारलं नाही.

चार रात्री गेल्या.
टाइप सत्तेचाळीस, म्हणजे माप स्वतः टाका.
टाकलं. लटकलं.
बॅटरी मेलेली, म्हणून दर खेपेला
एक जानेवारी ऐंशीला जागं व्हायचं,
आपण झोपलोच नव्हतो अशा चेहऱ्याने.
पाचव्या दिवशी जुन्या फ्लॉपीत मध्यस्थ सापडला:
एवढासा प्रोग्राम,
डिस्कच्या पहिल्याच सेक्टरात बसतो,
यंत्राचे डोळे उघडायच्या आत
त्याच्या कानात सांगतो, अरे, पुढेही आहे.

आठ गिगपर्यंत पटलं त्याला.
उरलेलं एकतीस गुरचरण.

तरी डॉसची अट: एका तुकड्यात दोनच गिग.
चार तुकडे पाडले. सी, डी, ई, एफ.
शेवटचा जरा आखूड भरला,
हद्दच तिथे संपत होती.

याद्या सगळ्या मिळून तीन मेगाबाइट.
तात्या, म्हटलं, हे तर तीन फ्लॉप्यांत मावेल,
एवढी डिस्क करायचीय काय?

"जागा आसूं दे रं."

मग तुकड्यांना नावं विचारू लागलो.
सी त्यांचा. डी मधल्याचा, ई धाकट्याचा.
"तीन भाव आमी."
मग हा एफ?
बराच वेळ पंखाच बोलत होता.
"ठकूबाय," म्हणाले.
"हक्कसोडीवर आंगठा घेतला तिचा.
मीच धरलावता हात."

लेबलात अकरा अक्षरं चालतात.
ठकूबाईला इंग्रजीत आठच लागली.
एंटर दाबलं.
एकशे अठ्ठ्याण्णव कोटी बाइट, सगळे मोकळे.
भावांपेक्षा थोडे कमीच, मी सांगितलं.
"तां ठावूक हाय," ते म्हणाले,
आणि जुनी डिस्क रुमालात गुंडाळून
खिशात घातली.

तारीख बदलायची राहिली.