उणे अठरा

सोहारच्या बंदरामागे, सुरमईच्या शीतगृहात,
चार नंबरच्या खोलीचा कंप्रेसर रात्री-अपरात्री दम टाकतो.
खल्फान म्हणाला, पहाऱ्याला माणूस परवडत नाही,
तूच काहीतरी बघ, मुकादम.

म्हणून हा बोर्ड. काडेपेटीहून लहान,
डोक्यावर पत्र्याची टोपी, एक निळा दिवा.
राउटरचं नाव दिलं, पासवर्ड दिला.
पडद्यावर नुसते ठिपके
ठिपके
ठिपके.
बिजुमोन म्हणाला, पाच गिगाहर्ट्‌झचं याला ऐकू येत नाही,
जुन्या लहरीवर बोल.
बोललो. जोडला गेला.

तरी निरोप जाईना.
तासाभराने कळलं, वीज आल्या आल्या
याच्या मते तारीख असते एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
आणि सर्व्हरचा दाखला तर अजून जन्मायचाय!
सत्तर साली आमच्या घरातलं कुणी
हर्णैची खाडी सोडून गेलं नव्हतं.
अब्बा त्र्याहत्तरला लाँचने आले.
पोचल्याचं पत्र यायला एकवीस दिवस,
तोवर घरात कुणी मोठ्याने हसलं नाही म्हणतात.
मी बोर्डाला आधी वेळ विचारायला शिकवलं.
मग निरोप गेला.

दर वीस मिनिटांनी, मराठीत, गंमत म्हणून:
*मी जागा आहे. आत उणे अठरा. दार बंद.*

खल्फानच्या फोनवर काहीच नाही.
मला वाटलं, नेटवर्क.

चौथ्या रात्री तीनला फोन वाजला, हर्णैला साडेचार.
मैमुना.
‘उठा. उणे नऊ झालंय. वर चढतंय.’

सुट्टीत तिच्या फोनवर चाचणी केली होती,
तो क्रमांक बदलायचा राहिला होता.
अनवाणी धावलो. काँटॅक्टर जळालेला.
मासळी वाचली.

‘पहिल्या रात्री वाटलं, तुम्हीच आत कोंडलेत,’ ती म्हणाली.
‘मग फोन का नाही केलास?’
‘दर वीस मिनिटांनी कळवत होतात की.’

सकाळी खल्फानचा क्रमांक घातला.
तिचाही ठेवला. तसं तिनेच बजावलं होतं.

आता ती उलट लिहिते त्याला,
*जेवलास का*, *थंडी वाजत नाही का रे*,
मला अहो, त्याला अरे.
तो बोलतो फक्त.
आलेलं वाचायचा कोड
मी अजून लिहिलेला नाही.