तेलखडू

शिरोलीत, कॅन्टीनच्या माडीवर,
खुर्च्या गोल मांडलेल्या.
गोलात पुढं कुठलं नि मागं कुठलं, कळेना.
चाटेसाहेबांनी आपली खुर्ची
वीतभर मागं ओढली,
तेवढंच त्यांचं त्यांना बरं वाटलं.

पुण्याहून आलेल्या इरावतीबाई
फरशीवर शंभरेक फोटो पसरत म्हणाल्या,
"यातला तुमचा पुढारीपणा कुठला, तो उचला."
फोटोत एक तान्हं बाळ होतं, एक उघडी वही.
आम्ही आधी चपला काढल्या.
मग वाकलो.

साहेबांनी डोंगराचं टोक उचललं.
मेल्टिंगच्या जोतिराम खाड्यांनी रिकामी बादली.
"हीच का?"
"ओळखीची वाटली."

मग तेलखडू.
माझ्या हाताला रंग लागला होता तो चौथीत,
तोही बाकावरच्या शेजारणीचा, तुटका.
इथं अख्खा डबा. लाल कोरा करकरीत.
कोअर शॉपच्या माझ्या चौदा बायका काढल्या मी,
कोपरापर्यंत वाळू, डोक्याला रुमाल,
मुमताजच्या चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी.
"यात तुम्ही कुठं आहात?"
म्हटलं, "मग त्यांच्याकडं बघतंय कोण?"
सगळे हसले. मीपण.

धोंडिराम सुतार, पॅटर्न शॉप,
बत्तीस वर्षांत मीटिंगमध्ये शब्द नाही.
त्यांनी कागदभर तपकिरी घासली
आणि मधली जागा तशीच ठेवली, पांढरी.
"राहिलंय का काही?"
अण्णा उठून उभे राहिले, शाळेतल्यासारखे.
"सागवानी पॅटर्न करतो मी.
वाळूत ठोकून बसवायचा.
रस ओतायच्या आधी
चारी बाजूंनी हळू हलवून
वर काढून घ्यायचा.
हिसकला, तर कडा ढासळतात.
ठेवला, तर जळतो,
आणि कास्टिंगपण जातं."
बसले.
पंखा तेवढा वाजत होता.
साहेबांनी मांडीवरचा डोंगर
पालथा घातला.

त्या रात्री मला माझंच हसणं
गवताच्या कुसळासारखं टोचत राहिलं.
बघतंय कोण, म्हणे.
चौदा जणी, आणि बघणारी एकच?

डोंगर आता ऑफिसात आहे, काचेच्या फ्रेममध्ये.
अण्णांच्या कागदात
उरलेली भडंग बांधून नेली कुणीतरी.

सोमवारी मी कोअर शॉपच्या फरशीवर
खडूनं ओव्हन काढला, रॅक काढला, दार काढलं.
म्हटलं, "ट्रे घेऊन रोज किती वळसा पडतो? दाखवा."
कुणी बोलेना.
एकीनं घड्याळाकडं बघितलं.
सांगून टाकावं, असं चारदा जिभेवर आलं.

मग मुमताज उकिडवी बसली,
काडी कानामागं सारली,
मी काढलेला रॅक तळहातानं पुसला,
"हितं न्हवं, बाई,"
आणि माझ्या हातातला खडू
न विचारताच
घेतला.