सगळ्या वायरी तपकिरी

गाडी बोगद्यात शिरते ती नीट,
बाहेर येते तीही नीट,
आणि सिग्नलच्या केबिनपासून वीतभर पुढे
काही न बोलता थांबते.
दिवा विझतो.
बोटाने जरा ढकललं की पुन्हा निघते,
जसं काही झालंच नव्हतं.

कीथली, चॅपलमागचा हॉल, गुरुवारची संध्याकाळ.
शनिवारी प्रदर्शन. तिकीट दोन पौंड, चहा वेगळा.
क्लिफर्ड म्हणतो, ओल. यॉर्कशरात सगळं ओलीनेच बिघडतं.
मॉरीनचा संशय इंजिनावर.
डेस्मंड आपला रूळ पुसतोय स्पिरिटने,
फडक्यावर काळी रेघ उमटली की मान डोलावतो,
निदान काहीतरी सापडलं म्हणून.

मी टेबलाखाली शिरते.

पाठीला जुना गालिचा, तोंडात टॉर्च
आणि कपाळावर लोंबणारी
हॅरल्ड सग्डेनची तीस वर्षं.
हॅरल्डला कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून
तपकिरी वायरीची भेंडोळी फुकट मिळाली होती.
अधिक तपकिरी, उणे तपकिरी,
सांध्यांची तपकिरी, फलाटावरच्या इवल्या दिव्यांचीही तपकिरी.
कुठली कुठे जाते ते त्याला पाठ होतं.
मार्चमध्ये तो गेला, पाठांतरासकट.

"वर धर, मी खालून ओढते."
"ही?"
"ही नाही."
"ही?"
"थांब. ही कदाचित."
"ही तर चर्चच्या घड्याळाची आहे, बाई."

तासगावला बाबा वायरमन होते.
म्हणायचे, सगळं एकदम शोधू नये.
अर्धं सोडवावं. दोष उरला तर उरलेल्यात आहे.
मग त्याचंही अर्धं.
बाबा खांबावर असे शोधायचे, भर उन्हात,
आधी हाताची पालथी बाजू पुढे करून.
इथे बाराच व्होल्ट आहेत,
तरी माझा हात सवयीने पालथा होतो.

मीटर लावला. रुळावर बारा, चोख.
इंजिन ठेवलं, शून्य.
उचललं, बारा.
ठेवलं, शून्य.
मीटर खोटं बोलत नाही,
पण विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो.
ओझं नसताना विचारलं, कसं चाललंय,
तर कोण वेगळं सांगेल?
रविवारी आईच्या फोनवर
मीही बाराच सांगते.

सव्वानऊला सापडली.
एक डाख, राखाडी, खरबरीत.
तार त्यात टेकलेली होती,
जोडलेली नव्हती.
शेजारचे हॅरल्डचे डाख चांदीच्या थेंबासारखे.
हा शेवटच्या हिवाळ्यातला असणार,
हात थरथरायला लागला तेव्हाचा.
आम्हाला कुणाला त्याने सांगितलं नव्हतं.
आम्हीही त्याच्या हातात कप देताना
फक्त कप पाहत होतो.

मी खाच घासली, आधी तार तापवली, मग डाख धरला.
एक थेंब चष्म्यावर पडला, तिथेच थिजला.
वरून चाकांचा आवाज
माझ्या कपाळावरून गेला, केबिन ओलांडून,
वळणावरून, आणि परत आला.
डेस्मंड म्हणाला, बघा, रूळ पुसल्याचा फायदा.

मग पांढरी पट्टी फाडून चिठ्ठ्या चिकटवत बसले,
पुढे जो कोणी खाली येईल त्याच्यासाठी.
चार झाल्यावर लक्षात आलं, मराठीत लिहितेय.
'बोगदा, डावा रूळ.'
'दिवे. ओढू नये.'

क्लिफर्ड गुडघे कुरकुरवत खाली आला.
"आता हे कोण वाचणार?"
"सॉरी, बदलते."
"राहू दे. अर्थ सांग."
सांगितला. त्याने खाली इंग्रजीत लिहिला.
मग काय वाटलं कोण जाणे,
नवी पट्टी घेऊन माझी अक्षरं उतरवू लागला,
जीभ ओठात धरून,
बोचा गोल, काना, मात्रा, गचा आकडा,
आणि वरची रेघ अगदी शेवटी,
डावीकडून उजवीकडे, रूळ टाकावा तशी,
मध्ये फट न ठेवता.

"बरोबर आहे?"
"द वाकडा आलाय."
"हं," म्हणाला, आणि पट्टी तशीच चिकटवली.

अजून एकशेसाठ वायरी आहेत.
मॉरीन वरून विचारतेय, दूध किती.