दोन बोटं माया

औशाच्या भाजीबाजारामागं,
सायकल-पंक्चरच्या दुकानाला खेटून हमीदाबीची मशीन.
पायरी चढतानाच मी श्वास आत ओढून घेते.
टेप कमरेशी येण्याआधी पोट पाठीला लावायचं,
ही चौदाव्या वर्षापासूनची सवय.

"सोड," ती म्हणते, टाचण्या ओठांत धरून.
"काय सोडू?"
"दम. दम कोंडून दिलेलं माप झूट असतं, बाई.
येळवशीला ब्लाउज घालून जेवणार हायस
का नुसती उभी राहणार?"

तिची वही लांबट, लाल कापडी पाठीची.
एका पानावर मी आहे: शिवकांता, मास्तरची पोरगी.
छाती, कंबर, मुंढा, बाही.
आकडे सालोसाल चढत गेलेले,
आणि मध्येच एक साल, नांदेडच्या होस्टेलचं,
विहिरीत उतरल्यासारखं.

त्या साली माझ्या वाटणीची भाकरी
खिडकीखालचं कुत्रं खायचं.
मेसच्या मावशीनं त्याचं नाव शिवा ठेवलं,
ते गुबगुबीत झालं, अंगावर चकाकी आली.
माझे केस न्हाणीच्या जाळीत अडकायचे.
मैत्रिणी म्हणायच्या, काय मस्त दिसतेस!
गावाकडं आत्या म्हणाली, आता कुठं पोरीसारखी दिसतीय.
थंडी वाजते का, हे कुणी विचारलं नाही.
मीसुद्धा नाही.

नंतर मी जेवू लागले, तर तीच आत्या:
"सुखानं सुटलीस गं."
लेकराच्या अंगाला आपण बाळसं म्हणतो, मुका घेतो,
काजळाची तीट लावतो.
त्याच अंगाला सुटणं कोणत्या वाढदिवसापासून म्हणायचं,
हे कुणी कुठं लिहून ठेवलंय काय की.

मागच्या महिन्यात ट्रंकेच्या तळाशी
त्या सालचा मोरपंखी ब्लाउज सापडला.
टाकून द्यायचा म्हणून हातात घेतला,
आणि उगीच ब्लेडनं कडेची शिवण उसवली.
आत दोन्ही बाजूंना
दोन दोन बोटं कापड दुमडलेलं.
बाहेरचा रंग उन्हानं विटलेला,
आतला दुकानातून आणला त्या दिवसासारखा.

तो घेऊनच आज आले होते.
"एवढी माया कशाला सोडली होती, हमीदाबी?"
तिनं चष्मा वर केला, कापड चिमटीत धरून पाहिलं.
"तेव्हा टेपला हाडं लागत होती तुझी.
म्हटलं, पोरगी कुठंतरी गेलीय, येईल वापस.
आली तर कपडा कमी नको पडायला."
मग मशीनचं चाक फिरवलं,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,
"फिटिंग तर कुणीबी करतंय."

तिनं स्वतःचं माप कधी घेतलेलं नाही.
जुना कुर्ता अंथरते, त्यावर कापड ठेवते, कापते.
मी श्वास सोडला.
पोट आपल्या जागी आलं,
दोन बाळंतपणांचं, भातापेक्षा ज्वारीवर पोसलेलं,
शाळेत सहा तास उभं राहणारं.
हमीदाबीनं आकडा लिहिला.
तो मी वाचला नाही. म्हणजे, वाचला, पण तोंडात धरला नाही.

येळवशीला आम्ही शेतात गेलो.
आंबिलीची बिंदगी दिरानं डोक्यावर घेतली होती.
कडब्याच्या कोपीसमोर नैवेद्य झाला,
आणि पळसाच्या पानावर भज्जी आली,
हिरवी, दाट, चिंचेच्या आंबटानं जीभ जागी करणारी.
पहिला उंडा मी मोजला.
दुसराही मोजला, खोटं कशाला बोलू.
तिसरा हातात असताना
जाऊबाईनं विहिरीच्या मोटारीचं काहीतरी विचारलं,
मी उत्तर देत राहिले,
आणि मोजायचं राहून गेलं.

ब्लाउज काखेत थोडा ओढत होता.
बघू, बुधवारी उसवून आणते.
जाताना भज्जीचा डबा न्यायचाय,
चिंच जास्त घाल, असं तिनं दोनदा बजावलंय.