सोन

जळगावात सोन म्हटलं की
माणूस कस लावायला बघतो.
हेमराज बारी खिशातून दोन दांडके काढतो,
बाभळीचे, हातानं तासलेले.
तीन ठोके. थांबा. दोन.
हाच कस.

लग्नाचा बँड डीजेनं बसवला,
तेव्हा रऊफला भंगारात
क्युबाच्या सोनची तबकडी सापडली,
उसाच्या फडातल्या गुलामांच्या नातवंडांची.
धुडकू ढोल्या ऐकून म्हणाला,
"हाई ते आपलंच शे भो,
नुस्ती सम चुकाडेल शे."

दोन वर्षं त्यांनी ती चूक घोटली.

बामणोदच्या हळदीत कुणी नाचलं नाही.
मांडवामागे निंबाबाई
बडगीत भरीत कुटत होती:
तीन.
एक देठ काढून फेकलं.
दोन.

हेमराजनं दांडके
परत खिशात ठेवले.